चिंबोरीच्या वाटेवर

‘फुकट ते पौष्टिक’ असं आमच्या कचेरीत म्हणतात, आणि पनवेलजवळच्या गोष्टीच्या वाटेबद्दल मला कळलं तेही कचेरीतच. कर्नाळ्याच्या पायथ्याशी कुणा ड्रॉइंग मास्तरांनी शेतांतून आणि झाडांतून जाणाऱ्या पाऊलवाटेवर पत्र्याचे फलक रोवले आहेत. प्रत्येक फलकावर एक चित्र आणि चार ओळी. पोरांनी चालत जायचं, वाचत जायचं, आणि वाट संपते तिथं गोष्ट संपते. तिकीट नाही, वर्गणी नाही, हात पुढे करणारा पहारेकरी नाही. आईबापांनी मुलांना एकदा तरी नेलंच पाहिजे, असं जो तो सांगत होता. जो तो म्हणजे ज्यांनी ती वाट स्वतः पाहिली नव्हती असे सगळे. मी पाहून आलो आहे, म्हणून लिहितो. मुलांना न्यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझं मात्र गोष्टीवाचून काही अडलं नव्हतं. मला मुलांना एक गोष्ट सांगायची होती, ती घरात सांगता येत नव्हती, म्हणून मी गेलो.

भाद्रपदात माझी बायको इंदू ठाण्याच्या इस्पितळात दाखल झाली आणि तिथेच गेली. वासंती आठ वर्षांची, मधू पाचाचा. माझ्या आईने त्या दिवशी दोघांना शेजारी नेऊन ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, ‘आई गावाला गेलीय.’ आपल्याकडे असंच सांगतात, त्यात तिचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. वासंतीला कळायचं ते कळलं. तिने कुणाला काही विचारलं नाही आणि तिला कुणी काही सांगितलं नाही. मधूने मात्र ते वाक्य खुंटीवर टोपी अडकवावी तसं नीट अडकवून ठेवलं.

हा मुलगा आधी म्हणजे नुसता उच्छाद होता. शेजाऱ्यांच्या लोणच्याच्या बरणीत चेंडू टाकायचा, आजीचा चष्मा मांजरीला घालायचा. तो एकाएकी शहाणा झाला. ताटात शीत ठेवीना, आपल्या चड्डीची आपण घडी घालायला लागला, कुणी मारलं तरी हात उचलीना. आळीत बायका कौतुक करायच्या. एका संध्याकाळी मी विचारलं, ‘मध्या, खेळायला नाही गेलास?’ तर म्हणाला, ‘खेळलं की भांडण होतं. आई म्हणाली होती ना, शहाण्यासारखा राहा, मग मी लवकर येते.’

टांग्यात बसताना इंदू तसं म्हणाली होती खरी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पोरगं बिचारं आपल्या वाटणीचं काम इमानाने करत होतं आणि त्याला फसवणारे आम्ही सगळे मोठे होतो. संक्रांत उरकल्यावर मी ठरवलं की याला बाहेर कुठेतरी न्यायचं आणि सांगून टाकायचं. पण मुलांना बेत सांगताना ‘पनवेलला जाऊ’ म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘शनिवारी आपण गावाला जाऊ.’ वासंतीने माझ्याकडे एकदम पाहिलं. मधूने पेटीतून दिवाळीचा सदरा काढला आणि उशाशी ठेवला.

पनवेल

एस.टी.चा प्रवास वर्णन करण्यासारखा नसतो. एवढंच सांगतो, की शिळफाट्याच्या पुढे मधूला गाडी लागली. खिडकी दुसऱ्याकडे होती. पोराने कुणाला उठवलं नाही, रडला नाही, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यात ओकला. मग ती दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. ‘काय गुणी लेकरू आहे हो,’ मागच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पनवेलला माझा शाळेतला मित्र रज्जाक राहतो. त्याची कौलांची वखार आहे. मंगलोरी कौलं गलबतातून बंदरात येतात, ती तो मोजून घेतो आणि घाटापर्यंत विकतो. स्टँडवर तो स्वतः आला होता. मधूच्या हातातली टोपी त्याने पाहिली. ती घेऊन नळाखाली धुतली आणि पिळून आपल्या खांद्यावर वाळत टाकली.

पनवेल गाव आहे तसं ऐसपैस. तळी आहेत, डास आहेत, आणि बैलगाडीची चाकं करणाऱ्यांची दुकानं आहेत. तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवतात तेव्हा जो धूर आणि चर्र आवाज होतो, तो पाहायला मुलं रस्त्यात उभीच राहिली. बाजारात एका बाजूला सुक्या बोंबलांचे भारे, दुसऱ्या बाजूला मिठाचे ढीग. ठाण्याला आम्ही मीठ पुडीत आणतो, इथं ते टोपलीने नेतात. मधू विचारत होता, ‘हे गाव का?’ मी म्हटलं, ‘नाही, हे शहर आहे.’ पनवेलकरांनी मला क्षमा करावी आणि मुंबईकरांनी हसू नये.

रात्रीचं जेवण रज्जाकच्या बायकोने, म्हणजे भाभींनी, लवकर वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि मुलांसाठी नारळाच्या दुधाबरोबर वाफवलेली सांदणं. सांदणं आमच्याकडेही करतात, पण फणसाच्या दिवसांत. ही नुसत्या तांदळाची होती आणि आमच्यापेक्षा मऊ होती. हे मी आईला घरी सांगितलेलं नाही. मी कुठे जेवलो हेही तिला सांगितलेलं नाही. मधूने दोन खाल्ली आणि तिसरं नको म्हणाला. भाभींनी आग्रह केला तर वासंती हळूच म्हणाली, ‘त्याला हवंय, पण तो मागत नाही आता.’ भाभी उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मुलं झोपल्यावर रज्जाक ओट्यावर माझ्याशेजारी बसला.

‘दामू, उद्या सांगून टाक यार. बच्चा असला म्हणून काय झालं, आई त्याची आहे. त्याचा हक आहे.’

‘सांगतो रे. पण कसं सांगू? गेली म्हटलं तर विचारणार कुठे गेली. देवाघरी म्हटलं तर विचारणार ते कुठल्या गावात. तुमच्यात काय म्हणतात?’

‘आमच्यात? आमच्यात इंतकाल झाला म्हणतात.’

‘म्हणजे काय?’

रज्जाकने ओट्यावर बोटाने एक रेघ ओढली. ‘म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणं. जमिनीचा पण इंतकाल होतो, एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर.’

‘म्हणजे बदलीच झाली की.’

आम्ही दोघे हसलो आणि मग दोघांनाही हसल्याची लाज वाटली. मी अंथरुणावर पडून शब्द शोधत होतो. गेली, वारली, निवर्तली, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाली. एवढी थोर आपली भाषा, आणि तिने मेलेल्या माणसाला एकतर प्रवासाला पाठवलं आहे किंवा नवं बिऱ्हाड थाटून दिलं आहे. ‘मेली’ हा शब्द आपण गुरांसाठी ठेवला आहे, आणि शिव्यांसाठी. इंदू तर दिवसभर तो वापरायची. मेला तो दूधवाला, मेला हा स्टो पेटत नाही, मेल्या मध्या, घरात ये. तिच्या तोंडी तो शब्द किती जिवंत वाटायचा. तो तिच्यासाठी वापरायचा म्हटल्यावर मी कूस बदलली.

फाट्यापासून आत

सकाळी पेणकडे जाणारी गाडी धरली. पळस्प्याला पुण्याचा रस्ता डावीकडे सोडून गाडी गोव्याच्या रस्त्याला लागते. शिरढोण मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. कुणी त्याला लिंगोबा म्हणतं, कुणी अंगठा. फाट्यावर उतरलात की एका आंब्याखाली पहिला फलक आहे.

चित्र चांगलं होतं, हे आधी कबूल करतो. खाडीच्या चिखलात बसलेली एक चिंबोरी, म्हणजे आपला खेकडा, आणि लांबवर तो अंगठा. वासंतीने मोठ्याने वाचलं: ‘पनवेलच्या खाडीत एक चिंबोरी राहत होती. ती रोज अंगठ्याकडे बघायची. एक दिवस ती म्हणाली, मी जाऊन त्याला हात लावून येते.’ गंमत अशी, की चिंबोरी चालणार तिरकी. त्यामुळे ज्याला वाट विचारावी तो सरळ दाखवतो आणि ही भलतीकडेच पोचते. मास्तरांनी वाटही तशीच आखली आहे. बांधावरून सरळ जाता येतं, पण फलक तुम्हाला बाजूच्या खाचरातून, ओहोळातून, पेंढ्याच्या उडव्याभोवती फिरवून आणतात. बगळा भेटतो, म्हैस भेटते, झाडावर माकड भेटतं. भातं केव्हाच कापून झाली होती आणि त्याच ओलीवर वाल फुलला होता. उन्हात त्या शेंगांचा उग्र वास सुटला होता. थंडी सरत आली होती, तरी पाय दवाने ओले होत होते.

मुलं रमली. वासंती वाचायची आणि मधू चित्राला हात लावायचा. म्हशीच्या फलकानंतर तो थोडा वेळ हात फाकवून चिंबोरीसारखा तिरका चालला आणि वासंती खदखदून हसली. इंदू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आज जमेल. पुढच्या फलकापाशी सांगू. तेवढ्यात मधू थांबला, हात खाली घेतले आणि सरळ चालू लागला. ‘काय रे?’ मी विचारलं. ‘वेडंवाकडं नाही चालायचं,’ तो म्हणाला.

वाटेत चार घरं लागली. ‘हे गाव का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, ही वाडी आहे.’ पुढे आणखी थोडी घरं लागली. ‘हे?’ ‘हा पाडा आहे.’ आपल्याकडे वस्तीला इतकी नावं आहेत हे त्या दिवशी माझ्या फार उपयोगी पडलं. वासंती माझा हात सोडून पुढे चालायला लागली. तिला माझी चीड आली होती आणि ती रास्त होती. बगळा झाला, म्हैस झाली, माकड झालं आणि मी पुढच्या फलकावर ढकलत राहिलो.

डोंगराची चढण सुरू होते तिथे एका ऐनाच्या झाडाखाली पुढचा फलक होता. लांबून तो लालभडक दिसला. जवळ गेलो तर पत्र्यावर शेंदूर थापलेला, वर झेंडूची माळ, खाली फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. शेंदरातून वाघाचे दोन डोळे आणि मिशा तेवढ्या दिसत होत्या. एक म्हातारी तिथे खराट्याने झाडत होती. गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं, नाकात मोठी नथ. पुढे बोलता बोलता तिचं नाव बारकूबाय असल्याचं कळलं.

‘पायतन काराव्या भाऊ,’ ती म्हणाली. ‘देव हाय.’

‘अहो बाई, हे गोष्टीतलं चित्र आहे.’

‘तुमच्या गोष्टीत चित्र आसंल. आमचा वाघोबा हाय. मास्तरान् यो लावला, त्या साली गावात वाघ नाय आला, येकपन वासरू नाय नेला. मंग आमी नारल फोरला.’

आम्ही चपला काढल्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाघाचं चित्र हाती लागल्यावर दुसरं काय करतील ही माणसं? मास्तरांनी हे ओळखायला हवं होतं, आणि माकडाच्या गळ्यात अजून माळ पडली नाही हेच नशीब. पुढचे फलक कुठे आहेत म्हणून मी विचारलं. देवाच्या मागे आणखी चित्रं नकोत, असं गावाने ठरवलं म्हणे. ‘येक माज्या गोठ्यावर हाय,’ बारकूबाय म्हणाली, ‘पानी गलत व्हता.’ तेव्हा तुम्ही गेलात तर गोष्ट इथेच संपते हे ध्यानात ठेवा.

वासंती ओणवी होऊन शेंदराखालच्या ओळी वाचायचा प्रयत्न करत होती. अगदी तळाशी एकच शब्द उघडा राहिला होता. ‘गेली,’ तिने वाचलं. ‘बाबा, फक्त गेली एवढंच दिसतंय. वाघाने खाल्ली वाटतं तिला.’

‘खाल्ली नाही लिहिलंय,’ मधू म्हणाला. ‘गेली लिहिलंय. ती गावाला गेली.’ मग तो बारकूबायकडे वळला. ‘आजी, हे गाव आहे का?’

‘गावच हाय रं बाला.’

‘माझी आई इथे आलीय का?’

खराटा थांबला. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. आता माझ्याजवळ ना वाडी उरली होती ना पाडा. मी मधूला जवळ घेतलं, त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, ‘मधू, ऐक. आई ना, आई देवाघरी गेली.’

माझ्या हातून एवढंच झालं. इतके दिवस चुकवत आलो तो शब्द सोडून तेवढं वाक्य माझ्या तोंडून आलं.

मधूचा चेहरा उजळला. त्याने शेंदराकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, झाडाखाली काढून ठेवलेल्या आमच्या चपलांकडे पाहिलं. ‘देवाचं घर हेच ना?’ तो म्हणाला, दिवाळीचा सदरा खाली ओढून सारखा केला आणि फलकाच्या मागे गेला.

मागे काय असणार? गंजका पत्रा आणि दोन खिळे. तो तिथे उभा राहून बघत राहिला. मग खाली वाकून पत्र्याखालून पाहिलं. मग झाडाच्या बुंध्यामागे जाऊन आला. मी जागचा हललो नाही.

‘मेली काय त्याची आय?’ बारकूबायने विचारलं. मी मान हलवली. तिने खराटा ठेवला, मधूपाशी गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ‘पोरा, कं शोधतंस? तुजी आय मेली. मेलेला मानूस कंच्याच गावाला नसतं.’

मी तिच्या अंगावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. तिने ऐकून घेतलं. ‘तुमी नाय सांगत मंग कोनीतरी सांगाला व्हवं,’ एवढंच म्हणाली. तिने वाटेसाठी म्हणून भाकरी आणि सुकटीची चटणी पानात बांधून वासंतीच्या हातात दिली. वासंतीने ती घेतली आणि वाकून तिला नमस्कार केला, जो मी करायला सांगितला नव्हता.

मधू रडला नाही. ‘बरं,’ म्हणाला. झाडाखाली बसून त्याने आपल्या चपलांचे पट्टे आपण लावले.

परतताना

उन्हं चढली होती. येताना जी वाट गोष्टीची होती ती जाताना नुसती वाट होती. फलक आता पाठमोरे दिसत होते, नुसते पत्रे. मधू मधल्या बांधावरून सरळ चालत होता. फाट्यावर गाडीची वाट बघताना वासंतीने भाकरी सोडली आणि त्याला तुकडा दिला. त्याने खाल्ला, हात पुसले आणि पान चुरगळून खिशात ठेवलं, कचरा होऊ नये म्हणून.

गाडीत जागा मिळाली. मधू खिडकीपाशी, मी मध्ये, वासंती पलीकडे. समोर मिठाची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई होती. शिरढोण गेलं. मला वाटलं पोराला झोप लागली. तेवढ्यात त्याने माझी बाही ओढली आणि अगदी हळू, कानात विचारलं,

‘बाबा, ती आजी खोटं बोलली ना?’

‘हो’ म्हणायचा अवकाश होता. घरी जाऊन, सावकाश, आणखी मोठा झाल्यावर, सगळं पुन्हा पुढे ढकलता आलं असतं. वासंती माझ्याकडे बघत होती.

‘नाही रे,’ मी म्हणालो. ‘खरं बोलली ती. आई मेली.’

मी तो शब्द इंदूसाठी पहिल्यांदा उच्चारला. मधूने खिडकीबाहेर पाहिलं.

‘कधी?’

‘पावसाळ्यात. गणपतीनंतर.’

‘मी दिवाळीत फटाके मागितले नाहीत, तेव्हा मेलेली होती?’

‘हो.’

‘आळीतल्या बाळूने मला दगड मारला आणि मी नाही मारला, तेव्हा?’

‘हो.’

‘काल टोपीत ओकलो, तेव्हा?’

‘हो, मधू.’

तो उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या.

‘मग मी शहाणा कशाला राहिलो?’

हे त्याने मोठ्याने विचारलं. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मी त्याला खाली बसवायला हात पुढे केला. मधू मला मारायला लागला. दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर, आणि प्रत्येक ठोशाला तेच विचारत होता. वासंती पलीकडे तोंड फिरवून रडत होती.

समोरची बाई टोपली सावरत पुढे झुकली.

‘अवो भाऊ,’ ती म्हणाली, ‘पोर कवाचा इचारतंय तुमाला, सांगा की त्याला कायतरी.’